बिलिंग महिन्याच्या सुरुवातीलाच बंद पडतं, लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टला मात्र एकही एरर सापडत नाही

भोसरी_सर्व्हर

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा मध्यम आकाराचा कारखाना आहे. आयटीत आम्ही दोघंच, त्यामुळे प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं आमच्याकडे. बिलिंग आणि डिस्पॅचचं ॲप उबुंटू २२.०४ च्या एका मशीनवर चालतं. १६ जीबी रॅम, जावाचं ॲप डॉकर कंटेनरमध्ये (मशीनवरचा ॲपचा वेगळा कप्पा), पोस्टग्रेस डेटाबेस त्याच मशीनवर.

अडचण अशी की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कधीकधी सकाळी नऊला डिस्पॅचची माणसं येतात तेव्हा बिलिंग उघडत नाही. कंटेनर बंद पडलेला असतो. चालू केला की दिवसभर सुरळीत. दहा-बारा तारखेनंतर पुढच्या महिन्यापर्यंत काही तक्रार नाही. गेटवर ट्रक खोळंबतात, म्हणून हे मुळापासून सोडवायचं आहे.

मी बॅशमध्ये स्क्रिप्ट लिहिली आहे. ती ग्रेप या शोधायच्या कमांडने मोठ्या लिपीतला (कॅपिटल अक्षरांतला) 'एरर' शब्द शोधते, मग सिसलॉगच्या (मशीनच्या नोंदवहीच्या) ओळी कट या कमांडने स्पेसवर तोडून पहिले दोन रकाने, म्हणजे महिना आणि तारीख, काढते आणि तारखेप्रमाणे मोजते. मधल्या तारखांना किरकोळ एरर दिसतात, प्रिंटर सापडत नाही वगैरे. ज्या दिवशी बंद पडलं त्या दिवशी काहीच नाही. ॲप रात्री बाराला मोठा रिपोर्ट काढतं, म्हणून बाराच्या आसपासचा ॲपचा लॉग डोळ्यांनीही वाचला. तिथेही काही नाही.

स्क्रिप्ट नीट कशी लिहावी? जुन्या जीझेड (दाबून लहान केलेल्या) फाइलीही घ्यायच्या आहेत, आणि साहेबांना रोज सकाळी मेल हवी आहे.

ऑकवाले_काका

आधी एक सांगा. तुमच्या निकालात १ ते ९ या तारखा दिसतात का?

भोसरी_सर्व्हर

काका, आत्ता पाहिलं. नाही दिसत! १० पासून पुढच्या सगळ्या आहेत. आणि सगळ्यात वर एक ओळ आहे, तिच्यात नुसतं महिन्याचं नाव आणि आकडा.

ऑकवाले_काका

म्हणजे सुरुवात इथून करायची.

सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत तारखेला दोन अक्षरांची जागा राखलेली असते. तारीख एक आकडी असेल तर आधी शून्य येत नाही, मोकळी जागा येते. म्हणजे ३ जुलैच्या ओळीत महिना आणि ३ यांच्यामध्ये दोन स्पेस, १३ जुलैच्या ओळीत एकच. कट प्रत्येक स्पेसला नवा रकाना धरतो, त्यामुळे ३ तारखेच्या ओळीत दुसरा रकाना रिकामा निघतो आणि महिन्याचे पहिले नऊ दिवस एकाच नावाखाली गोळा होतात. तुमची तक्रार नेमकी त्याच दिवसांतली आहे.

ऑक हा मजकूर हाताळणारा प्रोग्रॅम वापरा. तो लागोपाठच्या कितीही स्पेस एकच मानतो. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी तो लिहिला, नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून आहे, आणि रकाने असलेल्या मजकुरासाठी आजही पहिल्यांदा माझा हात त्याच्याकडेच जातो. तारखेप्रमाणे मोजणी एका ओळीत होते: महिना आणि तारीख मिळून किल्ली, एक असोसिएटिव्ह ॲरे (प्रत्येक किल्लीला एक आकडा ठेवणारी यादी), प्रत्येक ओळीला एक मिळवायचा, शेवटी छापायचं. ग्रेपचीही वेगळी गरज नाही, कारण अट ऑकमध्येच लिहिता येते.

आणि पाहा, त्या टाइमस्टॅम्पमध्ये वर्ष नसतं, टाइमझोनही नसतो. सिसलॉग एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेलसाठी लिहिला. तो बरीच वर्षं नुसता वहिवाटीने चालला. २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या दस्तऐवजामध्ये ती वहिवाट नोंदवली गेली आणि २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये वर्ष आणि टाइमझोनसकट पूर्ण वेळ आली. तुमच्या उबुंटूवर अजून जुनीच पद्धत आहे. उबुंटू ज्यावर बेतलेला आहे त्या डेबियनमध्ये आवृत्ती १२ पासून आरसिसलॉग (सिसलॉग लिहिणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्येच पूर्ण वेळ लिहितो, म्हणजे मशीन अपग्रेड केलंत की रकान्यांवर बेतलेली स्क्रिप्ट पुन्हा तुटेल. हे लक्षात ठेवून लिहा.

नवशिका_डेक्कन

काकांचं पटलं, पण मेल, जीझेड आणि दोन प्रकारचे लॉग असतील तर पायथन सोपं पडेल. जीझेड फाइल पायथनचं जीझिप मॉड्यूल टेक्स्ट मोडमध्ये थेट उघडतं, मोजायला काउंटर आहे, मेलसाठीही मॉड्यूल आहे.

रेजेक्स (ओळीचा साचा) मी असा लिहीन: महिन्याची तीन अक्षरं, एक किंवा जास्त स्पेस, एक किंवा दोन आकडे, स्पेस, वेळ, स्पेस, होस्टचं नाव, स्पेस, प्रोग्रॅमचं नाव, चौकटी कंसात पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), अपूर्णविराम, उरलेला सगळा मजकूर संदेश. प्रत्येक भागाला नाव द्यायचं, म्हणजे पुढे रकान्यांचे नंबर लक्षात ठेवावे लागत नाहीत. जुळली तर घ्यायची, नाही जुळली तर पुढची ओळ.

आणि फाइल एका दमात मेमरीत वाचू नये. फाइलवर सरळ लूप लावला की ती ओळीओळीने येते, कितीही जीबीची असो.

हिंजवडी_रात्रपाळी

नवशिका, रेजेक्सची मांडणी चांगली आहे. 'नाही जुळली तर पुढची ओळ' एवढं मात्र कृपा करून करू नका. या धाग्यात मला जे सांगायचं आहे ते तिथेच आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मी बरीच वर्षं रात्रपाळीला सर्व्हर सांभाळतो. लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टचं खरं काम ओळ फोडणं नाही, ते कुणालाही जमतं. तिला किती ओळी कळल्या नाहीत हे तिने तुम्हाला सांगितलं पाहिजे. सिस्टम रोजच्यासारखी चालते तेव्हा ओळीही रोजच्या साच्यातल्या असतात, आणि रेजेक्स आपण त्या साच्याकडे बघूनच लिहितो. काही बिघडतं तेव्हा वेगळ्या साच्यातली ओळ पडते: कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याची), अर्धवट तुटलेली, कचरा अक्षरं असलेली, कुठल्या तरी लायब्ररीने परस्पर छापलेली. म्हणजे न जुळणारी ओळ फेकली की जिच्यासाठी आपण लॉग उघडला तीच फेकली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

म्हणून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तीन आकडे असतातच. वाचलेल्या एकूण ओळी, जुळलेल्या ओळी, न जुळलेल्या ओळी. दुसरा आणि तिसरा मिळून पहिला आला नाही तर स्क्रिप्टने चूक झाल्याचा एक्झिट कोड देऊन थांबायचं. न जुळलेल्या ओळी फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक लावून वेगळ्या फाइलमध्ये, जशाच्या तशा. रोजच्या मेलमध्ये हे तीन आकडे सगळ्यात वर, बाकीचं खाली.

मेल रोज गेली पाहिजे, एरर शून्य असले तरीही. 'काही असेल तरच पाठव' असं केलं की मेल न येण्याचे दोन अर्थ होतात: सगळं ठीक आहे, किंवा स्क्रिप्टच बंद पडली आहे. 'एकूण ओळी शून्य' असं लिहून आलेली मेल दिसली की लगेच कळतं की लॉग रोटेट झाला (जुनी फाइल बाजूला जाऊन नवी सुरू झाली), पाथ बदलला किंवा परवानगी गेली.

आणखी एक गोष्ट, फाइल उघडताना एन्कोडिंगच्या चुकांसाठी बॅकस्लॅशरिप्लेस द्या. लॉगमध्ये कुणाच्याही प्रोग्रॅमचे कसलेही बाइट येऊ शकतात आणि यूटीएफ-८ च्या एका चुकीच्या बाइटवर स्क्रिप्ट मरता कामा नये. 'इग्नोर' देऊ नका, त्याने ते बाइट गुपचूप गळतात.

भोसरीकर, हे बदल करा आणि न जुळलेल्या फाइलमध्ये काय येतंय ते इथे टाका.

कर्वेनगरी

वाचनखूण साठवली. एक भर घालते. तुम्ही वर्ष नसलेली तारीख पायथनच्या स्ट्रिपटाइमला दिलीत तर तो १९०० साल धरतो, आणि १९०० लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे २९ फेब्रुवारीच्या प्रत्येक ओळीवर स्क्रिप्ट व्हॅल्यूएरर देते. २०२४ मध्ये हे झालं असेलच, आता २०२८ मध्ये पुन्हा. म्हणून आधी तारखेला वर्ष जोडा, मग वाचा. वर्ष कुठून आणायचं? चालू फाइलला चालू वर्ष, आणि तारीख उद्याच्याही पुढची निघाली तर एक वर्ष मागे. जानेवारीत डिसेंबरच्या ओळी वाचताना हेच लागतं. रोटेट झालेल्या फाइलींना त्यांच्या शेवटच्या बदलाच्या तारखेवरून.

भोसरी_सर्व्हर

सगळ्यांचे आभार. पायथनमध्ये लिहिलं, नवशिकांचा रेजेक्स आणि रात्रपाळीदादांचे तीन आकडे. १ ते ९ तारखा आता दिसतात. न जुळलेल्या ओळींची फाइल चांगलीच मोठी निघाली आणि जवळजवळ सगळ्या ओळी कर्नलच्या आहेत. एक बघा (होस्टचं नाव बदललं आहे):

जुल  ३ ०५:३६:२१ सर्व्हर१ कर्नल: आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस २२१० (जावा)

पुढे मेमरीचे आकडे आहेत. बिलिंग बंद पडलेल्या प्रत्येक सकाळची अशी एक ओळ आहे!

पण मला दोन गोष्टी कळत नाहीत. रिपोर्ट रात्री बाराला सुरू होतो, मग पहाटे साडेपाचनंतर का? आणि मेमरी संपली तर जावाच्या लॉगमध्ये आउट-ऑफ-मेमरी एरर का नाही?

हिंजवडी_रात्रपाळी

ही ओळ का जुळली नाही ते आधी. रेजेक्सला प्रोग्रॅमच्या नावानंतर चौकटी कंसात पीआयडी हवाच होता. कर्नलला पीआयडी नसतो. पीआयडीचा तो अख्खा भाग ऐच्छिक करा. तुमच्या मूळ स्क्रिप्टलाही ती सापडली नसती, कारण तिच्यात 'एरर' हा शब्दच नाही. कर्नलने प्रोसेस मारली, त्याच्या दृष्टीने ती ठरलेली कारवाई आहे.

साडेपाच वाजताचं उत्तर कंटेनरमध्ये आहे. बहुतेक डॉकर इमेज यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. कंटेनरमध्ये रात्रीचे बारा वाजतात तेव्हा भोसरीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तुमच्या ॲपच्या लॉगमध्ये वेळेपुढे झोन लिहिलेला नसेल, त्यामुळे ००:०६ म्हणजे आपले बारा वाजून सहा मिनिटं असं वाटतं. त्या दिवशीचं ॲपच्या लॉगमधलं शेवटचं वाक्य किती वाजताचं आहे?

भोसरी_सर्व्हर

००:०६:१७! रिपोर्ट सुरू झाल्याची ओळ ००:००:०२ ची, मग काही बॅचच्या ओळी, ००:०६:१७ ला एक अर्धी बॅच आणि पुढे थेट आम्ही सकाळी चालू केल्याची ओळ. साडेपाच तास मिळवले तर ०५:३६:१७. कर्नलची ओळ ०५:३६:२१ ची. अगदी चार सेकंदांवर.

ऑकवाले_काका

वा! असं जुळलं की फार बरं वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. जावाला सुरू करताना जी कमाल हीप (वापरायच्या मेमरीची मर्यादा) दिली असेल, ती भरली तरच जावा स्वतः आउट-ऑफ-मेमरी एरर लिहितो. १६ जीबीच्या मशीनवर १२-१४ जीबी कमाल दिली असेल आणि शेजारी पोस्टग्रेसही असेल, तर जावाची मर्यादा गाठायच्या आधीच मशीनची मेमरी संपते. मग कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस निवडून तिला सिगकिल (तत्काळ बंद होण्याचा हुकूम) पाठवतो. सिगकिल कुठल्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही, त्यामुळे मरताना एक ओळ लिहायचीही सवड मिळत नाही. म्हणून ॲपचा लॉग मध्येच तुटतो. डॉकरमध्ये त्या कंटेनरचा एक्झिट कोड १३७ दिसेल. १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९.

भोसरी_सर्व्हर

कमाल हीप १४ जीबी दिलेली आहे. एक्झिट कोड १३७ च आहे.

पहिल्याच आठवड्यात का, तेही कळलं. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला असते, म्हणून अकाउंट्सने १ ते १० तारखेपर्यंत मागच्या संपूर्ण महिन्याचा रिपोर्ट रोज रात्री लावून ठेवला आहे. बाकी दिवशी फक्त आदल्या दिवसाचा निघतो.

वारजे_नाका

मुद्दा सुटला हे छान झालं. पण हाताने स्क्रिप्ट कशाला? लॉग गोळा करून दाखवणारी तयार साधनं आहेत, लोकी आणि ग्राफाना लावा किंवा इलास्टिकसर्च. रेडिमेड डॅशबोर्ड, अलर्ट, सगळं मिळतं.

हिंजवडी_रात्रपाळी

दहा-वीस सर्व्हर असतील तर मीही तेच सांगेन. इथे एक मशीन आहे, त्याची मेमरी आधीच अपुरी आहे आणि इलास्टिकसर्च स्वतः जावावर चालतं. शिवाय त्या साधनांनाही ओळ कशी फोडायची हे आपणच सांगायचं असतं. न जुळलेल्या ओळींवर तिथेही कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

मधला मार्ग म्हणून एलनॅव्ह सुचवतो. टर्मिनलमध्ये चालतो, वेगवेगळे लॉग वेळेप्रमाणे एकत्र विणून दाखवतो, जीझेडही उघडतो. सिसलॉग आणि ॲपचा लॉग शेजारी ठेवून बघायला फार उपयोगी.

वारजे_नाका

एका मशीनसाठी पटलं. पण मग टेक्स्ट फाइल तरी का फोडायची? उबुंटू २२.०४ वर सिस्टमडीचं जर्नल, म्हणजे सिस्टमची फील्ड पाडलेली नोंदवही, आहेच. जर्नलसीटीएलला जेसन आउटपुट मागितलं की प्रत्येक नोंद एका ओळीत, नावासकट फील्ड: प्रोग्रॅम, पीआयडी, तीव्रता, संदेश. वेळ मायक्रोसेकंदांत, १९७० पासून मोजलेली. वर्षाचा प्रश्न नाही, टाइमझोनचा नाही, दोन स्पेसचा नाही. फक्त कर्नलच्या नोंदी हव्या असतील तर त्यालाही स्वतंत्र पर्याय आहे.

हिंजवडी_रात्रपाळी

हे शंभर टक्के मान्य. रचना तयार मिळत असेल तर मजकुरातून ती पुन्हा उकरू नये. भोसरीकर, सिसलॉगची बाजू जर्नलवर न्या, ॲपच्या लॉगपुरता रेजेक्स ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. संदेशात यूटीएफ-८ नसलेले बाइट असतील तर जेसनमध्ये मजकुराऐवजी आकड्यांची यादी येते. आणि ४०९६ बाइटपेक्षा मोठं फील्ड 'नल' म्हणून येतं, सगळं हवं असेल तर 'ऑल' हा पर्याय द्यावा लागतो. दोन्हींची मोजणी ठेवा.

शिवाय एखादी सर्व्हिस फार भराभर लिहू लागली तर जर्नल तिच्या नोंदी गाळतो. मूळ सेटिंग ३० सेकंदांत १०,००० नोंदींचं आहे. गाळल्या की 'सप्रेस्ड' असं लिहून किती गाळल्या ते सांगतो. तो आकडा स्क्रिप्टने उचललाच पाहिजे.

कर्वेनगरी

आरसिसलॉगचंही तसंच. उबुंटूवर एकसारख्या ओळी लागोपाठ आल्या की तो 'मेसेज रिपीटेड' लिहून किती वेळा ते देतो आणि मूळ मजकूर चौकटी कंसात टाकतो. ओळ एक, घटना पाच. नुसत्या ओळी मोजल्या तर कुणी पासवर्ड टाकून टाकून घुसायचा हल्ला करत असतानाच आकडा कमी दिसतो.

आणि भोसरीकर, तुमच्याकडे गुरुवारी वीज जाते ना? मशीन पुन्हा सुरू होताना घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सेवेशी) जुळेपर्यंतच्या नोंदींची वेळ कधीकधी भलतीच असते. अशा ठिकाणी वेळेप्रमाणे सॉर्ट करू नका, फाइलमधला क्रम ठेवा. जर्नलमध्ये प्रत्येक बूटची वेगळी ओळख असते, तिच्यावर गट करता येतो.

सुरक्षा_औंध

हल्ल्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. याच स्क्रिप्टमध्ये पुढे एसएसएचचे (दुरून मशीनवर शिरण्याचे) फसलेले लॉगिन मोजावेसे वाटतील. तिथे रकाने मोजू नका. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट फ्रॉम' या ओळीत आयपी अकराव्या रकान्यात येतो. युजर अस्तित्वातच नसेल तर 'इनव्हॅलिड युजर' हे दोन शब्द मध्ये घुसतात आणि आयपी तेराव्यात जातो. तुम्ही अकरावाच घेत राहिलात तर युजरची नावं आयपी म्हणून मोजता.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे युजरनेम हल्लेखोर ठरवतो. तो नावातच 'फ्रॉम' आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आयपी टाकू शकतो, समजा २०३.०.११३.९. ओळीत पहिल्यांदा दिसणारा 'फ्रॉम' धरून तुम्ही आपोआप ब्लॉक लावत असाल तर तो तुमच्याच हातून तुमच्या शाखेचा आयपी ब्लॉक करवू शकतो. म्हणून रेजेक्स ओळीच्या शेवटाला बांधा: 'फ्रॉम', आयपी, 'पोर्ट', आकडा, 'एसएसएच२', आणि ओळ संपली. लॉगमधला प्रत्येक बाहेरून आलेला शब्द परका माना. तो शेलच्या कमांडमध्ये जसाच्या तसा जाऊ देऊ नका, एचटीएमएल मेलमध्येही नाही.

आणखी एक, तुमचा लॉगरोटेट किती जुन्या लॉग फाइली ठेवतो? उबुंटूत आरसिसलॉगचे मूळ सेटिंग आठवड्याला एक, अशा चार जुन्या फाइली. म्हणजे महिनाभर. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपीशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. तुमच्या कंपनी सेक्रेटरींना विचारून आकडा वाढवा.

भोसरी_सर्व्हर

ताई, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. चारचे तीस करतो. 

ऑकवाले_काका

तीस फाइली झाल्या की नावांचा क्रम बघा. सिसलॉग-१०, अक्षरांच्या क्रमाने, सिसलॉग-२ च्या आधी येते. आकड्याप्रमाणे लावा आणि जुनी फाइल आधी वाचा. चालू फाइलवर टेल (नव्या ओळी दाखवत राहणारी कमांड) ठेवणार असाल तर कॅपिटल एफवाला पर्याय घ्या. लहान एफ रोटेट झालेल्या जुन्या फाइललाच चिकटून राहतो, कॅपिटल एफ नावाप्रमाणे नवी फाइल उघडतो. ॲपच्या लॉगला 'कॉपीट्रंकेट' लावलं असेल तर कॉपी आणि रिकामं करणं यांच्यामधल्या क्षणात काही ओळी हरवू शकतात. शक्य असेल तर टाळा.

नवशिका_डेक्कन

जावाचा स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठून आली त्याची यादी) कसा हाताळायचा? एक एरर आणि खाली चाळीस ओळी. रात्रपाळीदादांच्या हिशोबाने त्या सगळ्या 'न जुळलेल्या' होतील.

हिंजवडी_रात्रपाळी

उत्तम प्रश्न. ओळ टाइमस्टॅम्पने सुरू झाली तर नवी नोंद, नाही तर ती आधीच्या नोंदीचं शेपूट. शेपटांचा चौथा आकडा ठेवा, मग हिशोब पूर्ण जुळतो. पण शेपटाला मर्यादा हवी, समजा ५०० ओळी. नाहीतर टाइमस्टॅम्पची पद्धत बदलली त्या दिवशी पूर्ण फाइल एकाच नोंदीचं शेपूट होईल आणि न जुळलेला आकडा शून्य राहील.

रेजेक्समध्ये 'काहीही, कितीही' असे तुकडे एकापुढे एक ठेवू नका. न जुळणाऱ्या लांब ओळीवर इंजिन सगळे पर्याय तपासत बसतं. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरची जगभरची सेवा अशाच एका रेजेक्समुळे सुमारे अर्धा तास कोलमडली होती. 'स्पेस सोडून काहीही' असं नेमकं लिहा.

कर्वेनगरी

न जुळलेल्या हजारो ओळी रोज कोण वाचणार, हा प्रश्न भोसरीकरांना लवकरच पडेल. मी गहू निवडताना ताटात करतो तसं करते: सारखे दिसणारे एका बाजूला ओढायचे, मग वेगळं उरलेलं नजरेत भरतं. ओळीतले सगळे आकडे, सोळाच्या पद्धतीतले पत्ते आणि आयपी यांच्या जागी एकच खूण टाका. मग हजार ओळींचे दहा-बारा साचे उरतात. साच्याप्रमाणे मोजा, प्रत्येक साच्याची एक मूळ ओळ नमुना म्हणून ठेवा. मेलमध्ये दोन भाग करा: नेहमीचे साचे, आणि आज पहिल्यांदाच दिसलेले. दुसऱ्या भागात फक्त एक ओळ असली तरी ती वाचायची.

भोसरी_सर्व्हर

प्रगती कळवतो. कमाल हीप ६ जीबीवर आणली. ॲपच्या लॉगमध्ये आता टाइमझोनसकट वेळ लिहिली जाते. ॲप बनवणाऱ्यांना सांगितलं आहे की रिपोर्टने सगळ्या रांगा मेमरीत न घेता तुकड्यातुकड्याने वाचाव्यात, तोवर अकाउंट्सने महिन्याचा रिपोर्ट आठवड्यांत फोडून लावला आहे. कंटेनर मेला तर आपोआप उठेल असं रिस्टार्टचं धोरणही दिलं. ही महिनाअखेर झाली, पहिला आठवडा गेला, एकदाही बंद पडलं नाही.

कर्वेनगरीताईंची साच्यांची युक्ती लावली आणि 'पहिल्यांदाच दिसलेले' मध्ये आज हे आलं:

कर्नल: बीएलके_अपडेट_रिक्वेस्ट: आय/ओ एरर, डेव्ह एसडीबी, सेक्टर (पुढे आकडा)

एसडीबी म्हणजे आमची बॅकअपची डिस्क. यात 'एरर' आहे, पण लहान लिपीत, म्हणून जुन्या ग्रेपला कधीच दिसली नसती. हे किती गंभीर आहे?

ऑकवाले_काका

बाकी सगळं बाजूला ठेवा. आजचा बॅकअप लगेच दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि तो उघडतोय का हे एकदा रिस्टोअर करून बघा. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलने 'पेंडिंग' आणि 'रिॲलोकेटेड' सेक्टरचे आकडे पाहा. पेंडिंग शून्य नसेल तर केबल बदलण्यात वेळ घालवू नका, डिस्कच बदला.

सुरक्षा_औंध

जुनी डिस्क परत देताना किंवा भंगारात टाकताना त्यावर बिलांचा डेटा आहे हे विसरू नका. वॉरंटीत असेल तरी आधी विक्रेत्याला विचारा, डिस्क तुमच्याकडेच ठेवून बदली मिळते का.

भोसरी_सर्व्हर

पेंडिंग शून्य नाहीत. दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घेतला आणि टेस्ट मशीनवर रिस्टोअर करून पाहिला, उघडला, बिलं बरोबर आहेत. नवी डिस्क मागवली आहे, गुरुवारी सुट्टीच्या दिवशी बसवतो. जुनी आमच्याच कपाटात राहील.